हवेत बांधलेली मूर्ती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर दोन अटी घातल्या. वीस मिनिटांत आटप, आणि कुणाला झोप येता कामा नये. माझा नंबर जेवणाच्या आधी लावलाय, त्यामुळे दुसऱ्या अटीची काळजी नाही. भुकेला माणूस झोपत नाही. पहिली अट मी पाळीन.

आपल्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, एक जण जहाजावर कॅप्टन आहे. त्यांना काय करता हे समजावून सांगावं लागत नाही. मला लागतं. मी हवा विकते. पाताळगंगेच्या पट्ट्यात एक कारखाना आहे, तिथे प्लास्टिकची फिल्म तयार होते. त्या फिल्मच्या उशा, नळ्या, चटया होतात. त्या चपट्याच गिऱ्हाइकाकडे जातात. तिथे त्यांत हवा भरायची, वस्तूभोवती लावायच्या आणि खोका बंद करायचा. तुम्ही सगळ्यांनी हा माल हाताळलेला आहे. ऑनलाइन मिक्सर मागवला की खोक्यात ज्या फुगलेल्या उशा निघतात, त्या. काचेच्या बाटलीभोवती उभ्या नळ्यांचं जॅकेट असतं, ते. आणि बबल तर काय, घरातलं लहान मूल एक-एक फोडत बसतं. लहान कशाला, मोठेही बसतात. मी बँकेच्या मॅनेजरला बसलेलं पाहिलंय.

हा धंदा नेमका कशाच्या जोरावर चालतो ते आज सांगायचंय. कारण आपल्या पेणचा सगळ्यात मोठा माल याच धंद्याच्या भरवशावर समुद्रापार जातो, आणि तो जितका फुटतो तितका फुटायला नको, असं माझं ठाम मत आहे. या सभागृहात ज्यांच्या घरी गणपतीचे कारखाने आहेत असे कितीतरी जण बसलेत. जोहे-हमरापूरकडचेही आलेत. पापडवाल्या मैत्रिणींनो, तुमचाही विषय आहे, पण पापड तुटला तर त्याचा चुरा खाता येतो.

मूर्तीचं तसं नाही. टीव्हीच्या काचेला तडा गेला तर कंपनी दुसरा देते. गणपतीच्या हाताचं एक बोट मोडलं, तर ती मूर्ती संपली. भग्न मूर्ती कुणी मखरात बसवत नाही. बरं, मूर्तीला तारीख आहे. मूर्ती मार्च-एप्रिलपासून कंटेनरमध्ये चढायला लागतात, महिना-दीड महिना समुद्रावर असतात, मग तिकडच्या गोदामात पडून राहतात. खोका उघडतो तो चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा कळतं की बोट मोडलंय. आता दुसरी पाठवणार कधी? न्यू जर्सीतलं ते कुटुंब त्या वर्षी फोटो ठेवून पूजा करतं, निर्यातदार पैसे परत करतो, आणि ती रक्कम पुढच्या वर्षीच्या हिशेबात कुणाच्या नावावर पडते हे इथे बसलेल्या कारखानदारांना मी सांगायला नको.

विमा असतो की, असं कुणी म्हणेल. सागरी मालाच्या विम्यात जगभर जी कलमं वापरतात, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस म्हणतात त्यांना, त्यात एक ओळ आहे. पॅकिंग अपुरं किंवा अयोग्य असल्यामुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. सर्व्हेअर आधी मोडलेली मूर्ती पाहत नाही. तो खोका पाहतो.

म्हणून आता थोडं विज्ञान. बाई समोर बसल्यात, चुकलं तर थांबवा.

बाईंनी आपल्याला नववीत शिकवलं होतं की क्रिकेटमध्ये झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो. का? चेंडू थांबायला जास्त वेळ, जास्त अंतर मिळतं, म्हणून हाताला कमी लागतं. माझ्या धंद्याचं सगळं शास्त्र त्या एका झेलात आहे. पुढे शिकले ते आकडे.

आकडे असे. खोका टेबलाच्या उंचीवरून, म्हणजे ७५ सेंटिमीटरवरून पडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साधारण १४ किलोमीटर असतो. सायकलचा वेग. वाईट काही नाही. वाईट असतं ते थांबणं. तो खोका पुठ्ठा दबून अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबला, तर आतल्या मूर्तीच्या प्रत्येक भागाला क्षणभर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५० पट भार सोसावा लागतो. पडलेली उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, इतका साधा भागाकार आहे. मूर्तीचा पुढे आलेला वरदहस्त समजा २० ग्रॅमचा आहे. त्या क्षणी तो तीन किलोचा होतो. मनगटाला तीन किलोची पिशवी अडकवल्यासारखं. न भाजलेल्या मातीचं मनगट, ते काय करणार? आता तोच खोका आतल्या हवेच्या गादीमुळे पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर भार १५ पट. हात ३०० ग्रॅमचा. हे सरासरीचं गणित झालं, प्रत्यक्षात मधला एक क्षण याहून वाईट असतो. पण दहापट फरक पडतो हे खरं आहे.

म्हणजे आम्ही विकतो ती हवासुद्धा नाही. आम्ही थांबायला जागा विकतो. लोकांना वाटतं पॅकिंग म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणं. घट्ट धरली की ती खोक्याबरोबरच थांबते, अर्ध्या सेंटिमीटरमध्ये.

आपल्या आजोबांना हे ठाऊक होतं. ते मूर्ती पेंढ्यात बसवायचे. भाताच्या पेंढ्याची काडी कापून बघा, आत पोकळ असते. हजारो पोकळ काड्या, प्रत्येकीत हवा, दाबलं की दबतात. बैलगाडीतून, नंतर एसटीच्या टपावरून मुंबईला मूर्ती गेल्या त्या याच हवेवर. पेंढा अजूनही मला आवडतो. पण तो परदेशी चालत नाही. ऑस्ट्रेलियासारखे देश पेंढ्यात बांधलेला माल घेतच नाहीत, त्यातून किडी आणि पिकांचे रोग येतात म्हणून. लाकडी पेटीसुद्धा उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया करून शिक्का मारलेलीच लागते.

पेंढा गेला आणि त्या जागी आलं फुग्याचं प्लास्टिक. त्याची कथा गमतीची आहे. १९५७ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हॉथॉर्न गावात आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी बाथरूमचे दोन प्लास्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवले. त्यांना भिंतीला लावायचा उठावदार कागद बनवायचा होता. मध्ये हवेचे फुगे अडकले. भिंतीवर लावायला तो कुणी घेतला नाही. मग हरितगृहाला ऊब राहावी म्हणून विकून पाहिला, तेही फार चाललं नाही. १९६० मध्ये त्यांनी सील्ड एअर नावाची कंपनी काढली. त्याच सुमारास आयबीएमने १४०१ हा संगणक बाजारात आणला होता, आणि तो महागडा नाजूक माल पाठवण्यासाठी या फुग्यांचा उपयोग झाला. तेव्हापासून जगभर बबल म्हणजे पॅकिंग. आपल्याकडे नाशिकची द्राक्षं युरोपला जातात, त्या खोक्याच्या तळाशीही बबलची शीट असते.

इथपर्यंत ठीक. आता माझं भांडण.

आपल्याकडे मूर्तीला बबल कसा बांधतात? फेटा बांधल्यासारखा. गोल गोल गुंडाळायचा, ओढून टेप मारायचा. जितके वेढे जास्त तितकं मन शांत. पण तो ताणलेला बबल टेकतो कुठे? जे भाग सगळ्यात पुढे आलेत तिथे. हाताची बोटं, सोंडेचं टोक, मोदक, कानाची कड, मुकुटाचा कळस. म्हणजे मूर्तीचे जे सगळ्यात दुबळे भाग, त्यांच्यावर सगळा भार. खोका आपटला की मूर्तीचं वजन त्या बोटांवर येतं. शिवाय सोडवताना गिऱ्हाईक टेप सुटेना म्हणून सुरी घालतं. मी पाहिलेल्या मोडक्या मूर्तींपैकी बऱ्याच प्रवासात धड होत्या, सोडवताना गेल्या. टेपचं टोक दुमडून ठेवायला काही खर्च नाही. ते धरून ओढलं की सुटतं.

दुसरं, रंग. बबल थेट रंगावर टेकवू नका. महिना-दीड महिना उबेत दाबून राहिला की गोल गोल ठसे उठतात, गणपतीच्या पोटावर देवी आल्यासारखे. चित्रांच्या संग्रहालयातले लोक रंगवलेल्या पृष्ठभागाला बबल लागू देत नाहीत, मध्ये गुळगुळीत कागद घालतात. आपणही आधी मऊ कागद, मग बाकीचं.

तिसरं, ओल. शाडूची मूर्ती पूर्ण वाळलेली नसताना प्लास्टिकमध्ये बंद केली, तर ओल बाहेर जाणार कुठून? कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो, त्याच्या छताला आतून पाणी सुटतं आणि टपकतं. ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका, पण त्या न वाळलेल्या मूर्तीवरचं औषध नव्हेत. पीओपीच्या जागी जितकी शाडू वाढेल तितका हा प्रश्न वाढेल, कारण शाडू जड आणि ठिसूळ दोन्ही. पीओपीला जे पॅकिंग पुरलं ते शाडूला पुरेलच असं नाही.

मग करायचं काय? मूर्तीला दाब द्यायचा तो ती जिथे भक्कम आहे तिथे. पाट, पाठ, खांदे, मांडीचा बाहेरचा भाग. पाट खाली पुठ्ठ्याच्या खाचेत पक्का बसवायचा, की मूर्ती सरकणार नाही. त्या खाचेखाली हवेच्या नळ्या, चारही बाजूंना नळ्या, वर नळ्या. हातांच्या आणि सोंडेच्या पुढे मोकळी जागा, काहीही टेकवायचं नाही. मूर्ती खोक्यात अशी बसली पाहिजे की हात हवेत राहतील आणि पाठ गादीवर.

नळ्यांबद्दल थोडं सांगते, कारण यात फसवणूक होते. नळ्यांच्या चटईत प्रत्येक नळी वेगळी असते, प्रत्येकीला आत हवा जाऊ देणारी आणि बाहेर न येऊ देणारी झडप असते. एक फुटली तरी बाकीच्या उभ्या राहतात. उशीला एकच पोट असतं, फुटली की संपली. म्हणून जड वस्तूला नळ्या आणि खोक्यातली रिकामी जागा भरायला उशा. उशीवर वजन ठेवायचं नाही, ती भर आहे, गादी नव्हे.

आणि नळ्या दगडासारख्या फुगवू नका. आपल्या माणसाला घट्ट फुगलेली पिशवी बघून समाधान वाटतं. ती टणक झाली की दबत नाही. दबली नाही की थांबायला अंतर नाही. उलट फार ढिली ठेवली तर मूर्ती तिला पूर्ण चपटी करून तळाला टेकते. मधलं माप मूर्तीच्या वजनावर ठरतं. दीड किलोच्या मूर्तीचं पॅकिंग पाच किलोच्या मूर्तीला वापरलं की काय होतं ते मोजून पाहण्यासारखं आहे, आणि मी मोजलंय. खालची नळी तळाला टेकते, आणि तुमचं सगळं प्लास्टिक वाया.

हवा स्वभावाने चंचल. केमिस्ट्रीच्या सरांनी बॉईलचा नियम शिकवला तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते असं सर म्हणायचे, पण नियम लक्षात आहे. विमानाच्या पोटातला दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. तिथे तीच हवा एक तृतीयांश जास्त जागा मागते. लेहला ३,५०० मीटर उंचीवर वेफर्सचं पाकीट कसं टम्म फुगतं ते फिरून आलेल्यांना ठाऊक आहे. म्हणून विमानाने जाणाऱ्या खोक्यातल्या नळ्या थोड्या ढिल्या ठेवायच्या. तापमानाचंही तसंच. पेणच्या एप्रिलमधल्या दुपारी ३५ अंशांत भरलेली हवा ५ अंशांच्या गारठ्यात गेली की दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती गळते. साध्या पॉलिथिनमधून पाणी जात नाही, पण हवा हळूहळू जाते. चार दिवसांत पोचणाऱ्या पार्सलला त्याचं काही वाटत नाही. चार-पाच महिने बंद राहणाऱ्या खोक्याला वाटतं. त्यासाठी फिल्ममध्ये नायलॉनचा पातळ थर घालतात, दोन्ही बाजूंना पॉलिथिन, मध्ये नायलॉन. ती महाग पडते. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात, हाताला सारख्याच लागतात, आणि स्वस्त तीच घेतली जाते. घेताना विचारा, नायलॉन आहे का? नमुना आणा, फुगवा, वर वीट ठेवा आणि महिनाभर माळ्यावर विसरून जा. महिन्याने वीट जमिनीला टेकलेली दिसली तर तो माल तुमचा नाही.

यावरून चाचणीकडे येते. पॅकिंग चांगलं की वाईट हे बघून कळत नाही, पाडून कळतं. इस्टा नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिची सगळ्यात साधी चाचणी अशी: आधी खोका हादऱ्यांच्या टेबलावर ठेवायचा, मग साडेनऊ किलोंपर्यंतचा असेल तर ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायचा. एकदा एका कोपऱ्यावर, त्या कोपऱ्यात मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा, आणि सहा बाजूंवर एकेकदा. मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, १९६६ पासूनची. तिथे अशा चाचण्या होतात.

मी हे एका कारखान्यात सांगायला गेले. आपल्याच वर्गातल्या एकाचा कारखाना, तो हसतोय बघा तिकडे. त्याच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गणपती दहा वेळा आपटायचा?" पुढे काही बोलायची सोयच राहिली नाही. कारखान्यातला एकही कारागीर ते करणार नव्हता, मग मूर्ती कच्ची असो की रंगवलेली. त्यांचं बरोबरच होतं. इंजिनियरिंगच्या कुठल्या पुस्तकात हे नसतं. शेवटी त्या काकांनीच वाट काढली. त्याच शाडूचा एक साधा माठासारखा गोळा, मूर्तीइतकाच जड, मूर्तीच्याच मापाच्या पाटावर. त्याला पुढे मातीच्या चार काड्या काढल्या, बोटांच्या जाडीच्या, आणि सोंडेसारखं एक वळण. देव नाही, नुसती माती. कारखान्यात त्याला सगळे बुवा म्हणायला लागले. बुवा वाळला की खोक्यात बांधायचा आणि टेबलावरून ढकलायचा. फेट्यासारखा बांधलेला बुवा दुसऱ्या-तिसऱ्या पडण्यातच थोटा झाला. पाठीवर नळ्या आणि हात मोकळे ठेवलेला बुवा दहाही वेळा पडून चारही बोटांसकट निघाला. काकांनी प्रत्येक बोटाला हात लावून पाहिला आणि फक्त म्हणाले, "टेप कुणी मारलाय? वाकडा आहे."

आता बाईंचा प्रश्न. आमंत्रण द्यायला गेले तेव्हा बाईंनी मला दारातच विचारलं होतं, "अगं, पण ते सगळं प्लास्टिकच ना?" बाई, मी त्याचं उत्तर चारचौघांत देईन म्हटलं होतं.

हो, प्लास्टिकच. बचावात सांगण्यासारखं थोडं आहे. वजनाने पाहिलं तर ते फार कमी आहे, फुगलेल्या उशीत जवळजवळ सगळी हवाच. चपटी फिल्म एका ट्रकमध्ये मावते, तितकाच तयार बबल न्यायला कितीतरी ट्रक लागतील. आणि मूर्ती मोडली तर माती, रंग, महिनाभराची मेहनत, समुद्रप्रवासाचं इंधन सगळंच वाया, हेही मोजलं पाहिजे. पण ज्या हलकेपणाचं मी कौतुक करते, त्याच हलकेपणामुळे कचरा वेचणारी बाई ते उचलत नाही. पोतंभर गोळा केलं तरी किलो भरत नाही, तिला परवडणार कसं? आणि मी आत्ताच ज्या नायलॉनच्या थराची शिफारस केली, तो असला की भंगारवाला आणखी तोंड फिरवतो, कारण दोन जातींचं प्लास्टिक वेगळं करता येत नाही. आपल्या राज्यात २०१८ साली प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा आमच्या कारखान्यात सगळे सरकारला बोल लावत होते. मला ती पूर्ण चुकीची वाटली नाही, आणि तसं मी तिथे बोललेही होते.

मोठे गिऱ्हाईक हवेतून बाहेर पडताहेत. अ‍ॅमेझॉनने भारतातल्या गोदामांत २०२० पर्यंत उशा आणि बबल काढून कागदाची भर आणली. २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ९५ टक्के हवेच्या उशांच्या जागी कागद आणल्याचं जाहीर केलं. माझ्या धंद्याला ही वाईट बातमी आहे, आणि तरी मला ती योग्य वाटते. पुस्तकाला हवा कशाला लागते? साडीला? चपलेला? बरीचशी हवा आम्ही विकतो ती वस्तू नाजूक आहे म्हणून नाही, खोका चुकीच्या मापाचा आहे म्हणून. खोका मापाचा घ्या, आमचं अर्धं दुकान बंद होईल, होऊ द्या. उरलेली हवा जिथे खरंच लागते तिथे वापरावी, आणि शाडूची रंगवलेली मूर्ती हजारो मैल पाठवणं हे त्यात बसतं, असं मला वाटतं. बाई मान हलवताहेत, ती होकारार्थी की नकारार्थी ते मला इथून कळत नाही.

पण मूर्तीचंही सगळंच पॅकिंग प्लास्टिकचं असायला नको. अंड्याचा ट्रे आठवा, कागदाच्या लगद्याचा. त्याच लगद्याची मूर्तीच्या पाटाला खाच बनवता येते. बाजूच्या भिंतीही पुठ्ठ्याच्या घड्यांच्या होतात. मग हवेच्या नळ्या फक्त खाली आणि पाठीला उरतात. अडचण एकच. लगद्याचा साचा महाग असतो, तो हजारोंच्या संख्येत वापरला तरच परवडतो. आणि आपल्याकडे प्रत्येक कारखान्याच्या पाटाचं माप वेगळं. एकाच उंचीच्या मूर्तीचा पाट एकाकडे एक इंच मोठा, दुसऱ्याकडे अर्धा इंच लहान. कारण काही नाही, वडिलांनी तसा साचा केला म्हणून. मूर्तींचं रूप वेगळं असलंच पाहिजे, डोळ्यांची आखणी बघून हा कुठल्या कारखान्याचा हे ओळखता आलं पाहिजे, त्यात कुणी हात घालू नये. पण पाटाला काय रूप असतं? निर्यातीच्या मूर्तींसाठी चार मापं ठरली, फक्त चार, तर लगद्याचे चार साचे होतील, सगळ्यांनी मिळून वापरायचे. लगदा जवळपासच्या रद्दीचा होईल. प्रत्येकाच्या खिशातून किती जाईल याचा हिशेब मी कागदावर केलाय, पण तो आज वाचून दाखवत नाही, कारण त्यात किती कारखाने येतात यावर आकडा बदलतो.

एकमेकांचे स्पर्धक एका टेबलाशी बसत नाहीत, असं मला तीन जणांनी सांगितलंय. त्यातले दोघे आज एकाच टेबलाशी बसलेत, शाळेमुळे का होईना.

मागे कोपऱ्यात तीन खोके ठेवलेत, त्यांत बुवा आहेत. एक फेट्यासारखा बांधलेला, एक नळ्यांचा, एक लगद्याची खाच आणि नळ्या असा. खाच मी हाताने केलीय, दिसायला ओबडधोबड आहे. जेवण झाल्यावर व्हरांड्यात टेबल लावू आणि प्रत्येकी दहा वेळा पाडू. पी.टी.च्या सरांनी मोजायचं कबूल केलंय. दाराशी एक वही आहे, तिच्यात आपल्या निर्यातीच्या मूर्तींच्या पाटांची लांबी-रुंदी लिहून जा. इंचात लिहिलं तरी चालेल. ज्यांना माप पाठ नाही त्यांनी घरी फोन करून विचारा, तोवर वाढायला घेतलंय असा निरोप आलाय.